थोरला नंबर, धाकटा नंबर

राजकुमार खरातांना नवा नंबर काढायचा म्हटलं की कपाळावर आठी पडायची. ही खोड त्यांना वाळूजच्या कंपनीनं लावली. बावीस वर्षं ते तिथं स्टोअरकीपर होते. दुचाकीचे सुटे भाग, हजारो कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला एक नंबर. एखादा भाग जरासा बदलून आला की प्रश्न उभा राहायचा, जुनाच नंबर चालवायचा की नवा काढायचा? नवा काढायचा तर नवा कप्पा, नवं कार्ड, तीन खात्यांच्या तीन सह्या, आणि त्या तीन साहेबांपैकी एक जण हमखास पुण्याला गेलेला. म्हणून खरातांनी स्वतःपुरता कायदा करून टाकला होता. होता होईल तो नवा नंबर काढायचा नाही, जुन्यापुढं एक अक्षर चिकटवायचं आणि भागवायचं. "नंबर काय झाडाला लागतेत का?" असं ते म्हणायचे, आणि या काटकसरीबद्दल त्यांना एकदा स्टीलचा डबाही बक्षीस मिळाला होता.

पुढं कंपनीनं गाशा गुंडाळला आणि ती दुसऱ्या राज्यात गेली. खरातांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी चिकलठाण्याच्या घरी येऊन बसले. येताना स्टोअरमधला भंगारात निघालेला संगणक स्कूटरवर बांधून आणला. त्यांच्या पत्नी सुलेखाबाई दारातच म्हणाल्या, "लोकं निवृत्तीला घड्याळ आणतेत, आमच्या घरी डबडं आलं."

त्या डबड्यावर संगणक चालवणारी कुठलीच नवी प्रणाली चालेना. शोधता शोधता एक फुकटची सापडली, जगभरातली हौशी मंडळी मिळून सांभाळतात अशी. कुणाला पगार नाही, पण वाद घालायला सगळे हजर. खरातांना तिच्यावर वडिलांच्या भीमगीतांच्या कॅसेटी भरून घ्यायच्या होत्या आणि नेमका आवाजच निघत नव्हता. खोलात गेले तेव्हा कळलं, आवाजाचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याला, म्हणजे पॅकेजला, कुणी वालीच उरलेला नाही. आठ महिने खपून, शब्दकोश उशाला घेऊन त्यांनी ते चालतं केलं, आणि मग ते पॅकेज त्यांच्याच गळ्यात पडलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

हे काम काय, ते सांगायला हवं. बाहेर कुणीतरी लिहिलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि आपल्या प्रणालीत नीट बसेल असं बांधून द्यायचं, याला ही मंडळी पोर्ट म्हणतात. त्यातली काही सॉफ्टवेअरं स्वतः लोकांसमोर येत नाहीत, मागं राहून दुसऱ्या प्रोग्रामांची कामं करून देतात. ती सामायिक लायब्ररी. खरातांची लायब्ररी आवाज काढायची आणि पंचवीसेक प्रोग्राम तिच्या जिवावर बोलायचे. एकच नट पंचवीस गाड्यांना लागावा, तसं. लायब्ररी बदलली की तिचा नंबर ठरवायचा. नंबराचे दोन भाग, मधे टिंब. पहिल्याला खरात थोरला म्हणायचे आणि दुसऱ्याला धाकटा. नुसती आतल्या आत डागडुजी झाली असेल तर दोघांनाही हात लावायचा नाही. नवी सोय आली, पण जुनं सगळं जागच्या जागी आहे, तर धाकटा एकानं वाढवायचा; जुने प्रोग्राम बिनघोर चालत राहतात. पण जुनं काही काढून टाकलं किंवा त्याचा आकार बदलला, तर थोरला वाढवायचा. मग जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीशी जुळवूनच घेत नाही, आधी मला नव्यानं बांधा म्हणतो. मूळ लेखकानं आपल्या सॉफ्टवेअरला काय नंबर दिलाय, त्याच्यावर विसंबायचं नाही. तो त्याच्या मर्जीचा मालक, नंबर आपण आपल्या डोळ्यांनी बघून ठरवायचा.

नियम एवढा सोपा. पण थोरला वाढवला की पंचवीसही प्रोग्राम पुन्हा बांधायचे, तपासायचे, चार जणांना विचारायचं. म्हणजे पुन्हा कप्पा, कार्ड आणि सह्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; खरातांची तर नोकरी गेली तरी खोड गेली नव्हती. सहा वर्षांत त्यांनी थोरला एकदाही हलवला नव्हता आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. लायब्ररी जी कामं करून देते त्यांच्या नावांच्या जुन्या आणि नव्या याद्या खरातांनी शेजारी शेजारी लावल्या. गेलेलं नाव एकही नाही, आलेली नावं दोन. झालं, धाकट्यावर भागलं! सहा टिंब दोनचं त्यांनी सहा टिंब तीन केलं आणि पाठवून दिलं. त्या हौशी मंडळींतल्या डेन्मार्कच्या एका गृहस्थानं वरवर नजर फिरवून होकार दिला. नावं दोघांनीही मोजली, पण त्या नावांच्या आत काय बदललंय ते उघडून कुणीच पाहिलं नाही.

आता विशाखाकडे येऊ. विशाखा म्हणजे खरातांच्या बहिणीची मुलगी, कानांची तपासणी करणारी. गुलमंडीत कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तिचं छोटंसं केंद्र आहे. खाली हॉर्न आणि "आओ बाजी, नया माल आया" चा गजर, आणि वर तिनं भिंतींना जाड गाद्या ठोकून बनवलेली कपाटाएवढी खोली. आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. तपासणीचं यंत्र म्हणजे एक संगणक आणि हेडफोन. त्यावरचा प्रोग्राम मामांनी स्वतः बांधून दिला होता, आणि तिनं तो रीतसर बाहेरून प्रमाणित करून घेतला होता. हा प्रोग्राम त्या पंचवीसांत नव्हता. तो मामा-भाचीचा घरचा कारभार होता.

गुरुवारी दुपारी खरात तिच्याकडे जेवायला थांबले आणि जाता जाता, एक चांगलं काम म्हणून, तिच्या संगणकावरची सगळी पॅकेजं ताजी करून दिली. अर्थात त्यात सहा टिंब तीनही आली.

तीन वाजता रामकिसन पठाडे आला. चाळिशीतला, वाळूजला एका ठेकेदाराकडून प्रेसमशीनवर काम करणारा. प्रेसच्या धडधडाटात राहणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासतात. ठेक्याच्या नव्या यादीसाठी हा कागद लागतो आणि यादी शनिवारी दुपारी बारा वाजता कंपनीत जायची होती. गुरुवारी त्याची सुट्टी होती. विशाखानं त्याला आत बसवलं. गेल्या वर्षी त्याचे कान खणखणीत होते, आणि या वेळी दोन्ही कानांचा आलेख धाडकन खाली. तिनं दोनदा तपासलं. तेच. शेवटी तिनं लिहिलं, मध्यम श्रवणदोष, प्रेसवर काम देऊ नये, महिन्याभरात पुन्हा तपासावं. कागद हातात घेऊन रामकिसन बराच वेळ जिन्यात उभा होता असं खालच्या दुकानदारानं नंतर सांगितलं.

शुक्रवारी सकाळी खरात चहात पाव बुडवत होते तेवढ्यात विशाखाचा फोन आला.

"मामा, तुम्ही आत्ताच्या आत्ता या. एक तर मी बहिरी झालेय, नाय तर तुमचं मशीन!"

तिची एक शिस्त होती. रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आत ती स्वतः हेडफोन लावून स्वतःचे कान तपासायची. स्वतःचा आलेख तिला हाताच्या रेषांसारखा पाठ होता. आज तो आलेख नेमका पंचवीस डेसिबलनं खाली आला होता, दोन्ही कानांत, प्रत्येक सुराला. माणसाचे कान असे पट्टी लावून बिघडत नाहीत.

खरात पाव तसाच टाकून निघाले. आधी त्यांनी हेडफोन बदलला, मग वायर, मग संगणक बंद करून चालू केला. काही फरक नाही. "काल दुपारपस्तोर बराबर होतं ना?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळी मी तपासलं तवा बराबर होतं. मधे फक्त तुम्ही हात लावला."

हे ऐकल्यावर खरात संगणकापुढं बसले. त्यांनी लायब्ररीची जुनी आणि नवी फाईल उघडली आणि या वेळी नावं सोडून आतल्या ओळी वाचायला घेतल्या. अर्ध्या तासानं सापडलं. सूर काढायचा तर प्रोग्रामनं लायब्ररीला एक तक्ता भरून द्यायचा असतो. पहिल्या रकान्यात सूर, दुसऱ्यात जोर, तिसऱ्यात हेडफोनची कसर भरून काढणारा आकडा. नव्या आवृत्तीत मूळ लेखकानं दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मधे एक नवाच रकाना घुसवला होता. विशाखाचा जुना प्रोग्राम इमानदारीत कसर तिसऱ्यातच लिहीत होता, नवी लायब्ररी ती चौथ्यात शोधत होती, आणि चौथ्यात होतं शून्य. म्हणून प्रत्येक सूर दबका निघत होता. कुठं लाल अक्षर नाही, कुठं तक्रार नाही. नावं सगळी तीच, आकार मात्र बदललेला. म्हणजे थोरला वाढवायला हवा होता! थोरला वाढवला असता तर हा प्रोग्राम काल सुरूच झाला नसता, विशाखा करवादली असती, खरातांनी दहा मिनिटांत तो नव्यानं बांधून दिला असता आणि कुणीही बहिरं ठरलं नसतं.

आता त्यांनी तेच केलं. प्रोग्राम नव्यानं बांधला. विशाखा आत जाऊन बसली आणि दहा मिनिटांनी दार ढकलून बाहेर आली.

"ऐकू येतंय, मामा! अगदी पहिल्यासारखं." ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. "काल एकच माणूस येऊन गेलाय. प्रेसवाला. त्याच्या पोटावर पाय दिला मी."

रामकिसनचा फोन लागेना. प्रेसवर कामाला उभं राहताना फोन कपाटात ठेवावे लागतात. खरातांचं डोकं मात्र जुन्या सवयीनं धावलं. "अगं, सोपं हाय. त्याच्या आलेखातून पंचवीस वजा कर आन् नवा कागद काढ. मी नेऊन देतो."

"नाय, मामा." विशाखा एकदम ताठ झाली. "वजाबाकी करून कान तपासत नसते मी. दहा वर्षं तो प्रेसवर उभा हाय. पंचवीस काढल्यावर खाली काय राहील, मला काय माहीत? खरंच कमी झालं असलं तर उद्या त्याला कोणी ओरडून सांगितलं आन् त्याला ऐकूच गेलं नाय, तर? माणूस इथं येऊन बसला पायजे."

खरातांना शरम वाटली. भाची त्यांच्या निम्म्या वयाची, आणि जे त्यांना बावीस वर्षांत उमगलं नव्हतं ते तिला लख्ख ठाऊक होतं. तिनं कालचा अहवाल यंत्राच्या चुकीमुळे रद्द समजावा असं पत्र सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. ते खिशात घालून खरात स्कूटरवर बसले. छावणी गेली, गोलवाडी गेली, समोरून पाळीच्या बसा येत होत्या आणि ऊन मी म्हणत होतं. त्यांच्या डोक्यात एकच होतं, त्या माणसानं कागद अजून दिलेला नसावा.

तीनच्या सुट्टीला रामकिसन गेटातून बाहेर आला. खरातांनी नाव विचारत विचारत त्याला गाठलं, आपण कोण ते सांगितलं.

"सकाळीच दिला की कागद," रामकिसन म्हणाला. "सात वाजताच. सोमवारपासून येऊ नको म्हणले."

"अरे, पण दोन दिवस थांबायचं होतं! शनिवारपस्तोर वेळ होता."

"कसा थांबू, साहेब? मी प्रेसवर असतो, समोर दुसरा गडी माल लावतो. तो थांब म्हणून ओरडला आन् मला ऐकूच आलं नाय तर त्याची बोटं जातेत. आज सकाळी मीच आपणहून म्हणलो, मला प्रेसवर उभं करू नका. दिवसभर झाडलोट केली."

ज्यानं नंबर वाचवला तो आरामात घरी होता, आणि ज्याचं पोट जात होतं तो कागद लपवायलाही तयार नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. नंबर, रकाना, शून्य. रामकिसनला त्यातलं निम्मं कळलं नसावं, पण शेवटचं वाक्य कळलं. "चूक माझी हाय. कदाचित तुझे कान चांगले असतील."

रामकिसननं कानावर हात नेला. "मंग काल मी बायकूला म्हणलं, पाठमोरी उभी राहून हळू बोल. ती काय बी बोलली तर मला समदं ऐकाय येऊ लागलं. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या संसारात अंदाजानंच कळत असंल."

खरात हसले नाहीत, पण त्यांच्या छातीवरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं.

ठेकेदाराच्या ऑफिसात संध्या नावाची बाई याद्या बघायची. तिनं पत्र दोनदा वाचलं. "हे ठीक हाय, काका. पण मला नुसतं रद्द झाल्याचं पत्र नाय चालत, नवा रिपोर्ट लागतो. उद्या बाराच्या आत आणा. यादीत त्याची ओळ मी कोरी ठेवते. बारा वाजून गेले तर मग माझ्या हातात काय नाय."

खरात रामकिसनला स्कूटरवर बसवून लगेच गुलमंडीला नेणार होते. विशाखानं फोनवरच अडवलं. कारखान्यात दिवस काढलेल्या माणसाचे कान रात्रभर शांत राहायला हवेत, नाही तर आलेख खोटा येतो. उद्या सकाळी नऊला आणा, म्हणाली. एक खोटा कागद पुरे झाला.

त्या संध्याकाळी खरातांनी शब्दकोश न उघडता जगभरच्या मंडळींना पत्र लिहिलं. मी नावं मोजली, आकार पाहिला नाही. नवा नंबर टाळायची मला खोड आहे. माझ्यामुळे एका माणसाची नोकरी जायची वेळ आली आहे. कृपया सहा टिंब तीन कुणी वापरू नका. खाली त्यांनी नवा नंबर लिहिला, सात टिंब शून्य. सहा वर्षांत पहिल्यांदा थोरला हलला. मग पंचवीस प्रोग्राम एकेक करून नव्यानं बांधायला लावले. डेन्मार्कच्या गृहस्थाचं उत्तर जेवणाआधीच आलं: मीही फक्त नावं पाहिली होती, चूक दोघांची, सात टिंब शून्य मंजूर. खरातांना वाटलं होतं चार शिव्या बसतील. आता कळलं की इथं सही करायला कुणी पुण्याला गेलेलं नसतं, टाळाटाळ त्यांचीच होती. सुलेखाबाईंनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "पत्र लिवलं ते चांगलं केलं. आता खा, सकाळचा पाव बी तसाच पडलाय."

शनिवारी रजा टाकून नऊला रामकिसन आत बसला आणि दार बंद झालं. खरातांना तिथं बसवेना. ते जिन्यात जाऊन उभे राहिले. खाली दुकानं उघडत होती, शटरांचा खडखडाट चालला होता, आणि दर दोन मिनिटांनी ते घड्याळ बघत होते. काल विशाखा म्हणाली ते आता त्यांना टोचत होतं. यंत्राची चूक खरी, पण कान खरंच गेले असले तर? मग माफी मागून काय होणार होतं?

पावणेदहाला विशाखा बाहेर आली. हातात आलेख होता आणि चेहऱ्यावरून काही कळेना. ही तिची शिस्तच, कागद दाखवल्याशिवाय हसायचं नाही. तिनं कागद पुढं धरला. गेल्या वर्षीची रेघ आणि आजची रेघ जवळजवळ एकावर एक. एका उंच सुराला बारीकसा खड्डा होता, त्यासाठी कानात बोळे न चुकता घालायचे अशी तिनं रामकिसनला तंबी दिली. बाकी प्रेसवर काम करण्यास योग्य. सही आणि शिक्का.

"आणि मामा," ती म्हणाली, "हे मी वजाबाकी न करता लिहिलंय."

साडेअकराला ते दोघं ठेकेदाराच्या ऑफिसात होते. संध्यानं कागद उलटसुलट पाहिला, यादीतली कोरी ओळ भरली, रामकिसन पठाडे, प्रेस विभाग, आणि यादी पाकिटात घातली. एवढंच. खरातांना वाटलं होतं, काहीतरी मोठं घडेल. तसं काही न होता ते बाहेर येऊन लिंबाखाली उभे राहिले. तिथं मात्र त्यांचे डोळे भरून आले. पन्नाशी उलटलेला माणूस गेटासमोर रुमालानं डोळे पुसतोय, याची त्यांना लाज वाटली नाही.

"रामकिसन, मला माफ कर," ते म्हणाले.

"जाऊ द्या, साहेब. कोण येतं एवढ्या उन्हात चूक सांगाय? सरका मागं, मी चालवतो. तुमचे डोळे अजून ओले हायेत."

त्यानं किक मारली, स्कूटर सुरू झाली, आणि तो निघायचा सोडून मान तिरकी करून तसाच बसून राहिला.

"काय झालं?" खरातांनी विचारलं.

"इंजिनातलं टॅपेट वाजायलंय, साहेब. लई बारीक आवाज हाय. तुमाला ऐकाय येत नाय का?"

खरातांनी कान दिला. श्वास रोखून ऐकलं. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, आणि मागच्या सीटवर बसून ते मोठ्यानं हसायला लागले.